ताईच्या आवाजाची खरखर

वॉशिंग मशीन पीं-पीं करून थांबलं आणि मी खुर्चीतच आखडले. आतल्या खोलीत पिल्लूने कूस बदलली. उठली का? नाही. मी हेडफोन परत कानाला लावले.

उद्या ताईच्या गळ्याचं ऑपरेशन. बोलता येईल, गाण्याचं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणालेत. म्हणून तिने हे एक गाणं आमच्या झोपायच्या खोलीत, भिंतींना गाद्या टेकवून रेकॉर्ड केलं. संध्याकाळी हॉस्पिटलात जायच्या आत तिला ते ऐकायचं होतं. रेकॉर्डिंग साफसूफ करून गाणं तयार करायचं, म्हणजे मिक्सिंग, अर्थातच माझ्या गळ्यात.

आवाजात खरखर होती. ती काढायला मी कॉम्प्युटरवर आवाज साफ करणारी दोन प्लगिन निवडून ठेवली होती. पहिल्याने खरखर गेली, पण तिच्यासोबत ताईही गेली. उरली कुणी एक इस्त्री केलेली बाई. दुसरं चाचणीपुरतं फुकट मिळालेलं, पण मायाळू. त्याने खरखर नुसती थोपटून झोपवली. पण किती थोपटायचं? बटण जरा पुढे नेलं की आवाज परका, जरा मागे आणलं की दुखरा. तीच एक ओळ पुन्हा पुन्हा लावून कान बधिर झाले.

फोन थरथरला. ताईच.

"झालं का गं? की अजून नटवतेच आहेस मला?"

"बोलू नकोस ना! डॉक्टरांनी गप्प बसायला सांगितलंय."

"जन्मात जमलं नाही ते आज जमेल होय? आणि फार पावडर थापू नकोस. माझी मला ओळख पटायला हवी."

मी हसले. शेवटी मायाळू प्लगिन कायम केलं आणि घाईघाईत गाण्याची फाईल तयार केली.

तेवढ्यात पिल्लू डोळे चोळत आलीच. तिला मांडीवर घेऊन मी स्पीकरवर गाणं लावलं. ताई गात होती, छान गात होती, आणि अंतऱ्याच्या ऐन मध्यावर आवाज बंद. शुकशुकाट. मग काही झालंच नाही अशी ती पुढे गाऊ लागली.

मी गाणं थांबवलं. विकत न घेतलेलं प्लगिन अधूनमधून आवाज असा बंद पाडतं, हे मला पाठ आहे. पण एकाच ओळीत अडकून बसल्यामुळे ते खिंडार मला भेटलंच नव्हतं.

"मावशी मधेच गप्प का झाली?"

"ती नाही गं झाली. आईनेच घोळ घातला. थांब, नीट करते."

मायाळू प्लगिन काढून टाकलं. इस्त्रीवालंही लावलं नाही. खरखरीसकट सगळं गाणं या वेळी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं, दोघींनी, आणि ताईला पाठवून दिलं.

पिल्लूने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"आता मावशी कधीच गप्प नाही ना होणार?"