तारण ठेवलेलं घर

घरांच्या किमती वाढायला लागल्या तशी पडदेवाल्या मावशींच्या शिलाई मशिनला उसंत मिळेनाशी झाली. नवं घर घेतलं की माणूस आधी खिडक्या झाकायला धावतो. मावशी घरोघर जाऊन मापं घ्यायच्या, चुण्या किती घालायच्या ते ठरवायच्या आणि संध्याकाळी नवऱ्याला सांगायच्या, "आज गेले होते तिथली मुलगी आपल्या पोरीपेक्षा लहान. आणि घर बघाल तर सातव्या मजल्यावर."

नवरा आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेला. तो म्हणायचा, "मग आपली पोरगी काय कमी आहे का?"

पोरगी कमी नव्हती, पगार कमी होता. ती आणि जावई दोघंही नोकरीला, पण त्यांनी चार पैसे साठवेपर्यंत भाव आणखी पुढे पळालेले असायचे. शेवटी एका रविवारी दोघं आली. जावयाने मोबाइलवर आकडे मांडून दाखवले. सासऱ्यांचं घर तारण ठेवलं तर बँक हवं तेवढं कर्ज द्यायला तयार होती. सुरुवातीची रक्कमही थोडी कमी पडत होती.

मावशी म्हणाल्या, "डोक्यावरचं छप्पर आहे ते. जरा विचार करू."

"विचार करत थांब्यावर उभं राहिलं तर काय होतं, मला विचार," नवरा म्हणाला. "ही गाडी आता थांबत नाही. पळतीच पकडायची. आणि मेल्यावर तिलाच द्यायचं ना? मग आजच देऊ."

घर तारण गेलं, साठवलेलं सगळं लेकीच्या हातात गेलं आणि लेक नव्या घरात राहायला गेली. नवऱ्याची छाती फुगली. भाजीवाल्यापासून जुन्या कंडक्टरपर्यंत भेटेल त्याला तो त्या घराचे फोटो दाखवायचा.

दोन वर्षांनी लेकीचा फोन आला. लहान खोलीला जाड, अस्तराचा पडदा हवा होता. ऊन फार येतं म्हणाली. मावशी दुपारी पडदा घेऊन गेल्या. लेक सुट्टी काढून घरी थांबली होती. स्टुलावर चढून दांडी बसवता बसवता मावशींची नजर खोलीभर फिरली. कोपऱ्यात गादी, लेकीचे कपडे, चहाची किटली, एक ताट, एक वाटी. आणि दाराला आतून नवीकोरी कडी.

त्या खाली उतरल्या. "इथं कोण राहतं?"

"मी."

"कधीपासून?"

लेक पडद्याच्या कड्या मोजल्यासारखं करत राहिली. मग म्हणाली, "वर्ष होत आलं. तो माझ्याशी बोलत नाही, आई. काही चुकलं की आठवडाभर माझ्याकडे बघतही नाही. आणि बोलला की असं बोलतो, त्यापेक्षा न बोललेलं बरं वाटतं. मागे मी म्हटलं, जाते मी. तर म्हणाला, दार उघडंच आहे. हप्ता थांबला की बँक आधी तुझ्या आईबापाच्या दारात जाईल."

"मग आम्हाला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? तुमचं घर माझ्या पायात अडकलंय म्हणून?"

तेवढ्यात जावई आला. मावशींना बघून हसला, पाणी विचारलं. "बसा ना आई, तुमचंच घर आहे," म्हणाला. मावशींनी कात्री पिशवीत टाकली आणि त्या बाहेर पडल्या.

घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि हात झटकला. "संसारात भांड्याला भांडं लागतंच."

"भांडं लागलं की आवाज होतो. तिथं आवाजच नाही, अहो. तिनं दाराला कडी लावून घेतलीय."

तो दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत लेकीच्या ऑफिसवर गेला. परत आला तो चपला न काढताच खुर्चीत बसला.

"काय म्हणाली?" मावशींनी विचारलं.

"मला फाटकात बघितलं आणि घाबरली. पहिलं वाक्य काय म्हणावं? म्हणाली, बाबा, हप्ता भरलाय मी." त्याने चेहऱ्यावरून हात फिरवला. "बाप दिसला की पोरीला हप्ता आठवतो. हे काय करून बसलो मी?"

त्याच आठवड्यात तो लेकीला घेऊन आला. घर गेलं तर जाऊ दे, म्हणाला. घर गेलं नाही, पण सुखासुखी वाचलंही नाही. अर्धा वाटा मिळाल्याशिवाय जावई नव्या घराच्या विक्रीच्या कागदावर सही करेना. आईबापांनी दिलेले पैसे तो मोजायलाच तयार नव्हता. ती तर भेट होती, म्हणे. कुठं लिहून थोडंच घेतलं होतं? सहा-सात महिने वकिलाच्या पायऱ्या झिजवल्या. भाव चढलेलेच होते, म्हणून बँकेचं कर्ज फिटलं आणि जुनं घर सुटलं. म्हातारपणासाठी बाजूला ठेवलेलं मात्र बहुतेक बुडालं.

नवऱ्याने शाळेच्या मुलांची गाडी चालवायला घेतली. गुडघे दुखायचे, पण बोलायचा नाही. जुना कंडक्टर रस्त्यात दिसला तर पलीकडच्या बाजूने जायचा. लेक पुढच्या खोलीत, मशिनशेजारी झोपायची. ती हळूहळू हसायला लागली होती, पण बाप घरात आला की हसू आवरायची.

पगाराच्या दिवशी तिने पैशांचं पाकीट बापापुढे धरलं.

"हे काय?"

"घरात राहते, खर्च होतो. आणि तुमचे गेले ते..."

"उचल ते," तो म्हणाला. "मला बँक करू नकोस."

"मग सकाळी गाडी चालवायला कशाला जाता?" लेकीचा आवाज चढला. "मला दिसत नाही का? जिना उतरताना कठडा धरता."

"ती माझी हौस आहे."

"खोटं बोलता बाबा."

तो उठून बाहेर गेला. लेक पाकीट हातात धरून तशीच उभी राहिली. मग तिनं ते मावशींपुढे केलं. मावशींनी लगेच घेतलं नाही. नवऱ्याचं ऐकावं तर लेकीचं मन मोडतं, लेकीचं ऐकावं तर त्याचं. त्यांनी तिला शेजारी बसवलं आणि म्हणाल्या, "ते आले की जेवायला एकत्र बसू. पैशांचं नंतर बघू."

"बाबा नाही घ्यायचे."

"नाही घ्यायचे," मावशी म्हणाल्या. "तरी बसू."