डंप स्टेशनवरचा आग्रह

देहधर्मापुढे राजा आणि रंक सारखेच, असं थोर लोक सांगून गेले आहेत. त्या थोर लोकांना बहुधा जावई नसावेत.

न्यूझीलंडमधल्या तौपोच्या तळ्याकाठच्या हॉलिडे पार्कमध्ये, सकाळी साडेसहा वाजता, गुरुनाथरावांच्या एका हातात मोटरहोमच्या संडासाची कॅसेट होती. कॅसेट म्हणजे खालची मैल्याची टाकी. तिला केबिन बॅगसारखी दोन चाकं आणि ओढायची दांडी असते, त्यामुळे लांबून पाहणाऱ्याला माणूस विमान पकडायला निघाल्यासारखा वाटतो. दांडीचं दुसरं टोक त्यांच्या जावयाच्या, म्हणजे चिरागच्या हातात होतं.

"बाबा, सोडा. मी करतो."

"अहो चिरागराव, काय हे! तुम्ही जावई. तुम्ही आत जाऊन चहा घ्या बघू."

"चहा घेतला मी."

"मग अजून एक घ्या."

प्रश्न तीन दिवस तुंबलेला होता. भाड्याने आणलेल्या त्या मोटरहोममध्ये स्वयंपाकाचा ओटा आणि संडास यांत एका प्लायवूडचं अंतर होतं. ते पाहून गुरुनाथरावांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं, की मोठ्या कामाला सगळ्यांनी पार्कच्या सार्वजनिक संडासात जायचं. दहा वर्षांच्या नातीने, श्रियाने, "आजोबा, दॅट्स लिटरली व्हॉट इट्स फॉर," असं म्हणून पाहिलं होतं. पण नियम नियम होता. तरीही कालपासून टाकी भरल्याचा लाल दिवा लागला होता. तो नेमका कोणामुळे लागला, यावर कुटुंबात एक सभ्य मौन होतं.

टाकी रिकामी कोणी करायची, हे मात्र ठरेना. सासऱ्याने करणं जावयाला पटेना, आणि जावयाने करणं तर गुरुनाथरावांच्या घराण्यात सात पिढ्यांत झालेलं नव्हतं. सात पिढ्यांत मोटरहोमही झालेली नव्हती, पण तो मुद्दा वेगळा. म्हणून दोघेही आज एकमेकांना चुकवून पहाटेच बाहेर पडले होते आणि गाडीच्या मागच्या दाराशी एकमेकांना धडकले होते.

या दांडीमागे आणखी एक गोष्ट ओढली जात होती. गुरुनाथरावांची बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये ते एकटेच राहत. स्वानंदी, त्यांची एकुलती मुलगी, गेले पाच आठवडे मनुरेवातल्या आपल्या घरी रोज म्हणत होती, "बाबा, आता इथेच राहा. खालची खोली तुमचीच आहे." येताना परतीची तारीख मोकळी ठेवली होती, तीही त्यासाठीच. ही सहलसुद्धा त्यासाठीच असणार, हे गुरुनाथरावांनी ओळखलं होतं. आज नाही तर उद्या, एखाद्या सुंदर तळ्यासमोर बसवून ती शेवटचं विचारणार.

त्यांना राहायचं नव्हतं. पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षं त्यांनी पंप दुरुस्त केले होते. निवृत्तीनंतर सोसायटीच्या टाकीचा व्हॉल्व्ह त्यांच्याकडे आला. पावणेसहाला किती आटे फिरवले की बी विंगच्या चौथ्या मजल्यावर पाणी चढतं, हे ज्ञान जगात फक्त त्यांच्याकडे होतं. सेक्रेटरी रमण यांचा परवाच मेसेज आला होता: 'वॉचमनने व्हॉल्व्ह उलटा फिरवला. चौथा मजला कोरडा. कधी येताय?' तो मेसेज गुरुनाथरावांनी आठ वेळा वाचला होता. न्यूझीलंडमध्ये नळ फिरवला की पाणी येत असे. माणसाने करावं तरी काय!

पण एकुलत्या लेकीला 'नाही' कसं म्हणायचं? 'तुझ्याकडे माझं नीट होत नाही', असाच त्याचा अर्थ झाला असता.

ओढाओढ करत दोघे डंप स्टेशनपाशी, म्हणजे टाक्या रिकाम्या करायच्या जागी आले. जमिनीत एक झाकण, शेजारी पाण्याचा पाइप. मागे एक उंच, लालबुंद गोरा म्हातारा आपली कॅसेट घेऊन रांगेत उभा राहिला. पायांत जँडल्स, म्हणजे रबरी चपला, कमरेला टॉग्ज, म्हणजे पोहायची चड्डी, खांद्यावर टॉवेल.

"किया ओरा," त्याने तिथला नमस्कार घातला. "यू गाइज ऑल राइट देअर?"

"ही इज माय सन-इन-लॉ!" गुरुनाथरावांनी तक्रार मांडली. एवढ्यात सगळं कळायला हवं होतं.

"माय सन-इन-लॉ डझ माइन, मेट," म्हातारा म्हणाला. "पण तो झोपलाय," अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटून त्याने आपल्या कॅसेटवर बैठक मारली. "नो रश. आय हॅव हीप्स ऑफ टाइम."

परक्या माणसासमोर शोभा झाल्यावर चिराग बोलला. बारा वर्षांत पहिल्यांदाच तो इतकं सलग बोलला.

"बाबा, हे असंच चालणार का आता कायम? मी कप धुवायला घेतला की तुम्ही हातातून काढून घेता. रात्री पाणी प्यायला उठलो, की तुम्ही ग्लास घेऊन उभे. पाच आठवडे मी घरात फुल पँट घालून बसतोय. माझ्याच घरात मी पाहुणा झालोय हो!"

बोलून झाल्यावर तो स्वतःच घाबरला. "म्हणजे... तसं नाही म्हणायचं मला. तुम्ही राहाच. स्वानंदीची खूप इच्छा आहे. माझीही."

गुरुनाथरावांनी जावयाकडे पाहिलं. साडेसहा वाजता, तळ्याकाठच्या थंडीत, त्याने खरोखरच इस्त्रीची फुल पँट घातली होती. त्यांना एकदम हसू फुटलं.

"चिरागराव, मला घरी जायचंय."

"रागावलात."

"अहो, नाही. पहिल्या आठवड्यापासून जायचंय. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

"आम्हाला?" चिराग म्हणाला. मग त्याच्या तोंडून नुसता श्वास बाहेर पडला. टायरमधली हवा सोडल्यासारखा, लांब आणि प्रामाणिक. जरा जास्तच लांब होता, पण गुरुनाथरावांनी तो ऐकून घेतला. त्यांचाही तसाच सुटला होता.

त्यांनी दांडी सोडली.

"घ्या. करा तुम्ही."

चिरागने झाकण उघडलं, कॅसेट उचलून तिचं तोंड भोकावर धरलं आणि ती एकदम पालथी केली. गडगड आवाज होऊन चार शिंतोडे पँटवर उडाले.

"थांबा, थांबा! ते बटण दाबा अंगठ्याने. हवा आत जायला वाट नको का? पंपाचंही तेच. सावकाश. हां. आता कसं?"

"स्वीट ॲज," चिराग म्हणाला, म्हणजे तिकडच्या भाषेत झकास. मैला एका धारेत, आवाज न करता खाली गेला. पाठीमागून म्हाताऱ्याने टाळी वाजवली.

पार्कच्या सामायिक स्वयंपाकघरात स्वानंदी थालीपीठं लावत होती. शेजारच्या शेगडीवर अंडी तळणारी बाई वास घेत मुद्दाम रेंगाळत होती. गुरुनाथरावांची दोन थालीपीठं होताच तिसरं ताटात आलं.

"नको गं, झालं."

"घ्या हो बाबा."

"अगं, खरंच पोट भरलं."

"पातळ आहे, कळणारसुद्धा नाही."

"बरं, अर्धं दे."

"अर्धं काय! मोडू नये. घ्या गुपचूप." तिने त्यावर लोणी घातलं.

त्यांनी ते खाल्लं. मग पाणी पिऊन म्हणाले, "स्वानंदी, मी परत जातो गं पुण्याला. तिकडे बरं वाटतं मला."

तिने उलथनं खाली ठेवलं. डोळे भरून आले, ते अगदी खरे होते. "राहिला असतात तर बरं वाटलं असतं, बाबा," ती म्हणाली.

गुरुनाथराव थांबले. आमच्याकडे आग्रह तीनदा होतो. दुसऱ्यांदा ती काय म्हणेल आणि आपण काय उत्तर द्यायचं, याची त्यांनी मनाशी तयारी केली होती. स्वानंदीने नाक पुसलं, शेगडी बंद केली आणि तवा धुवायला घेतला. इतके दिवस कानांशी टेकलेले तिचे खांदे हळूहळू खाली येताना त्यांना दिसले. आपलेही आले असावेत, असं त्यांना वाटलं. पोट भरलं होतं, बाहेर ऊन पडलं होतं, तळं निळंशार होतं. रमणला लगेच मेसेज करायला हवा होता.

"तारीख कोणती घ्यायची मग?" त्यांनी विचारलं.

"मी टाकून ठेवलीय एक," पाठमोरी स्वानंदी म्हणाली. "सहज आपली. बदलता येईल हं, बाबा." ओल्या हातानेच तिने फोन पुढे सरकवला.

सोळा फेब्रुवारी. खिडकीची जागा, शाकाहारी जेवण, विमानतळावर व्हीलचेअर. तारीख मागच्या मंगळवारी टाकलेली होती. गुरुनाथरावांनी चष्मा लावून खालची बारीक अक्षरंही वाचली. या तिकिटाची तारीख एकदा टाकली की बदलता येत नव्हती.