दुपारच्या झोपेविषयी पाच जण

आमच्या घरात भांडण फार वेळ टिकत नाही, कारण ते टिकू नये ही जबाबदारी ताईंनी स्वतःकडे घेतली आहे. ताई म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. मी या घरात आले तेव्हा पहिल्या आठवड्यातच माझ्या लक्षात आलं, की जेवणाच्या टेबलावर कोण कुठे बसणार हे इथे आपोआप ठरत नाही. ज्या दोघांचं सध्या बिनसलेलं असेल त्यांच्या मधल्या खुर्चीत ताई बसतात, आणि आवाज चढायला लागला की चढणाऱ्याच्या ताटात काहीतरी वाढतात. तोंडात घास असला की माणसाला भांडता येत नाही. माझा नवरा आणि त्याचा मोठा भाऊ, म्हणजे ताईंचे यजमान, दादा, यांचं अलीकडे बाल्कनीवरून बिनसलं होतं. एकाला तिथे काच बसवून हवी होती, दुसऱ्याला मुळीच नको होती. त्यामुळे ताई बरेच दिवस मधल्या खुर्चीत होत्या, आणि दोघा भावांची वजनं वाढली होती.

या ताईंनी पन्नाशी ओलांडल्यावर कॉलेजात नाव घातलं. लग्नामुळे अर्धवट राहिलेली पदवी त्यांना पुरी करायची होती. मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली, तिची खोली रिकामी झाली, आणि ताईंनी त्या खोलीतल्या टेबलावरची धूळ पुसून तिथे स्वतःची पुस्तकं मांडली. विषय मानसशास्त्र. पहिल्या वर्षाला सगळ्यांना लेखनाचा एक पेपर सक्तीचा होता. त्याचं शेवटचं काम असं: एक प्रश्न निवडायचा, त्यावरचे पाच संदर्भ शोधायचे, ते ताडून पाहायचे, आणि सगळे मिळून काय सांगतात ते लिहायचं. ताईंनी प्रश्न निवडला, दुपारची झोप चांगली की वाईट. दादा रोज जेवणानंतर सोफ्यावर तोंडावर वर्तमानपत्र घेऊन झोपतात, तेव्हा प्रश्न कुठून आला हे विचारायची गरज नव्हती.

एका संध्याकाळी मी कामावरून आले तर ताई स्वयंपाकघरात एक कोरडा कप पुसत उभ्या होत्या. तो आधीच कोरडा होता, आणि त्या पुसतच होत्या.

"काय झालं ताई?"

"दार लोटून घे जरा," त्या म्हणाल्या. "माझा लेख परत आलाय."

"नापास?"

"नापास नाही, आणि पासही नाही. सोमवारी पुन्हा लिहून द्यायचा. मॅडम म्हणाल्या, ही एकच संधी. नाही जमलं तर वर्ष परत." त्यांनी कप जागेवर ठेवला. "आणि मी काही वर्ष परत करणार नाही हं. वर्गातल्या पोरी आत्ता काकू म्हणतात, पुढच्या वर्षीच्या येतील त्या आजी म्हणतील. सोमवारी नाही जमलं तर पुस्तकं लायब्ररीत टाकून मोकळी होईन. ह्यांना सांगू नकोस. हे लगेच म्हणतील, दगदग कशाला करतेस."

हे सगळं त्या हसत हसत बोलल्या. पण त्यांच्या मुलीच्या खोलीतला तो दिवा, ती नव्या कव्हरांची पुस्तकं, पेनांचा कप, हे सगळं मी रोज जाता येता पाहत होते. मी लेख मागितला.

मी पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. नमुना कुठून आला, कोणी घेतला, कशाने मोजला, हे कळल्याशिवाय आम्ही आकड्याकडे पाहतसुद्धा नाही. ताईंचा लेख मी त्याच सवयीने वाचला. अक्षर सुंदर, वाक्यं स्वच्छ. पाच संदर्भांना पाच परिच्छेद, सगळे जवळजवळ सारख्याच लांबीचे. पहिल्यात मासिकातलं एक सदर, दुसऱ्यात आरोग्याची एक वेबसाइट, तिसऱ्यात विद्यार्थ्यांवरच्या एका प्रयोगाचा शोधनिबंध. या तिघांच्या मते थोडी झोप काढली की लक्षात जास्त राहतं. चौथ्यात वयस्कर माणसांची बरीच वर्षं केलेली पाहणी. दुपारी खूप वेळ झोपणाऱ्यांमध्ये हृदयाच्या तक्रारी जास्त आढळल्या, असं ती सांगत होती. पाचव्यात पाठ्यपुस्तकातलं एक प्रकरण, झोप म्हणजे काय एवढंच समजावणारं. आणि शेवटी निष्कर्ष: "एकंदरीत पाहता सर्वच तज्ज्ञ आपापल्या जागी बरोबर आहेत."

खाली मॅडमनी लाल शाईत लिहिलं होतं: "पाच पाहुणे आले, आपापलं बोलले आणि गेले. एकमेकांशी कोणी बोललंच नाही."

मला हसू आवरलं नाही.

"हसलीस?" ताई म्हणाल्या.

"ताई, तुम्ही यांनापण जेवायला बसवलंत. सगळ्यांना सारखं वाढलंत."

"मग एकाला कमी वाढू?"

मला माझी पद्धत ठाऊक होती, ती मी सुचवली. एका मोठ्या कागदावर तक्ता आखायचा. कोणाला तपासलं, काय मोजलं, काय सापडलं. प्रत्येक संदर्भाला एक ओळ. ताईंनी दुसऱ्या दिवशी तक्ता इतका नेटका भरून आणला, की तो प्रयोगशाळेत लावावा. फक्त "काय सापडलं" या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच वाक्य होतं: झोप बरी, पण अति नको.

"या पाहणीवाल्याने असं म्हटलंय?" मी विचारलं.

"त्याला म्हणायचं हेच असणार गं. जरा कडक भाषेत म्हणाला, एवढंच."

तक्त्याचा काही उपयोग झाला नाही. मी मनातल्या मनात सोमवारपर्यंतचे दिवस मोजले आणि म्हटलं, "शनिवारी मी तुमच्याबरोबर लायब्ररीत येते. मूळ कागद बघू."

कॉलेजच्या वाचनकक्षात लांब टेबलं होती, त्यांच्या कडा कोपरं घासून गुळगुळीत झालेल्या. खिडकीजवळचा पंखा फिरताना एका ठरावीक जागी टक असा आवाज करायचा. ग्रंथपाल बाईंना ताई माहीत होत्या. त्यांनी न विचारता खिडकीजवळची जागा दिली आणि दोन्ही शोधनिबंध छापून आणून दिले. मी पाहणीचा निबंध घेतला. ताईंनी आधी मासिक उघडलं, मग वेबसाइटची छापील पानं, मग विद्यार्थ्यांवरचा निबंध. मग पुन्हा मासिक. पानं पुढे मागे करताना त्यांच्या कपाळावर जी आठी आली ती मी ओळखते. लग्नाच्या हॉलमध्ये अनोळखी बाई दिसली की ती येते, आणि पाच मिनिटांत ताई सांगतात की ही अमक्याच्या चुलत सासूची भाची.

"अगं," त्या एकदम म्हणाल्या, आणि शेजारच्या टेबलावरच्या मुलीने मान वर केली तेव्हा आवाज खाली आणला. "हा पोरगा बघ."

"कोणता पोरगा?"

"गजर वाजला तरी न उठलेला. प्रयोगात सगळ्यांना अर्ध्या तासाच्या आत उठवायचं होतं. एक जण उठलाच नाही, म्हणून त्याला हिशेबातून काढला. हे बघ, निबंधात आहे. आता मासिकात बघ, 'एक विद्यार्थी तर गजरालाही दाद देईना.' आणि इथे वेबसाइटवर पण तोच, फक्त त्याचे दोन झालेत."

मी तिन्ही पानं शेजारी शेजारी ठेवली. तोच प्रयोग. सदर लिहिणारीने निबंध वाचून लिहिलं होतं, आणि वेबसाइटने बहुतेक ते सदर वाचून.

"म्हणजे मी पाच ताटं मांडली," ताई म्हणाल्या, "आणि तिघं एकाच घरचे निघाले!"

मला झालेला आनंद मी वाचनकक्षाला शोभेल इतपतच दाखवला. तीन साक्षी म्हणून मोजलेली गोष्ट एकच साक्ष होती. आमच्याकडे एकाच बाटलीतलं पाणी तीनदा तपासून तीन विहिरींचा अहवाल देणाऱ्याला घरी पाठवतील. ताईंना मात्र वेगळीच हुरहूर लागली.

"मग उरले कोण? पाठ्यपुस्तक तर कोणाचीच बाजू घेत नाही. हा प्रयोगवाला, आणि हा पाहणीवाला. आणि त्यांचं तर अजिबात पटत नाही."

"पटायला हवंच का? दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलताहेत का, ते बघा आधी."

ताईंनी दोन्ही निबंध समोर घेतले आणि माझ्या तक्त्याची मागची कोरी बाजू. प्रयोगातली माणसं तरुण, धडधाकट, पाहणीतली म्हातारी. तिथे एकच दुपार, इथे कित्येक वर्षं. तिथे छोटी झोप, इथे तासाच्या वरची. एकाने पाठांतर मोजलं, दुसऱ्याने हृदय. त्या एकेक ओळ लिहीत गेल्या, आणि लिहिताना त्यांचा चेहरा हळूहळू सैल होत गेला. मी तोवर त्यांनी बाजूला ठेवलेली पाहणीच्या निबंधाची शेवटची पानं चाळत होते. तिथे एका वाक्याखाली पेन्सिलीची बारीक रेघ दिसली. ती पानं लायब्ररीने आत्ताच छापून दिली होती, तेव्हा रेघ ताईंचीच, नुकतीच मारलेली. वाक्य असं होतं, की झोपेमुळे आजार आला की आजारी माणसं थकून जास्त झोपत होती, हे या पाहणीवरून सांगता येत नाही.

"ताई, हे वाक्य तुम्ही पाहिलंत."

"पाहिलं की. पहिल्यांदा वाचलं तेव्हाच पाहिलं होतं. आत्ता पुन्हा खूण केली."

"मग लेखात का नाही?"

ताईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भलतंच काही विचारलं. "अगं, एवढी वर्षं राबला बिचारा, आणि शेवटी स्वतःचंच स्वतः कमी करून घेतोय. मी ते चारचौघांत कशाला सांगू?"

पंखा टक करून पुढे गेला. मी अगदी हळू म्हटलं, "ताई, त्याचं सगळ्यात चांगलं वाक्य तेच आहे. तुम्ही त्याची अब्रू झाकायला गेलात आणि त्याचा खरेपणाच झाकलात."

ताई उठल्या, बाहेर जाऊन पाणी पिऊन आल्या. परत बसल्यावर त्यांनी जुना लेख पिशवीत टाकला आणि नवा कागद घेतला.

रविवारी दुपारी घर शांत होतं. ताई जेवणाच्या टेबलावरच लिहायला बसल्या. मी समोर डाळिंब सोलत होते. सोफ्यावरून वर्तमानपत्राखालून दादांचा आवाज आला, "माझ्या बाजूने लिहितेयस ना?"

"तुम्ही किती वेळ झोपता ते आधी खरं सांगा."

"डोळा लागतो जरासा."

"वर्तमानपत्र सुरू होतं तेव्हा मी भांडी घासायला घेते आणि ते खाली पडतं तेव्हा चहा टाकते. त्याला जरासा म्हणतात का?"

"बाई, घरात शास्त्रज्ञ एक होती ती पुरे होती," दादा म्हणाले आणि कुशीवर वळले.

ताई एका जागी फार वेळ अडल्या. सदर आणि वेबसाइट हे वेगळे पुरावे धरता येत नाहीत, हे वाक्य त्यांच्या हातून उतरेना. "त्या सदरवाल्या बाईंनी वाचलं तर?"

"त्या वाचणार नाहीत, ताई."

"मला तर माहीत असेल ना, मी लिहिलं ते." त्यांनी डाळिंबाचे दाणे तोंडात टाकले, पेन उचललं, आणि लिहिलं. मग थोडं थांबून पुढे लिहिलं, की सदर सोप्या भाषेत आहे आणि त्यामुळेच आपण मूळ निबंधापर्यंत पोचलो. हे खोटं नव्हतं. मी ते राहू दिलं.

सोमवारी लेख गेला. त्यानंतर ताई रोजच्यासारख्या वागल्या. फक्त मुलीच्या खोलीचं दार त्या बंद ठेवू लागल्या आणि संध्याकाळी तिथे दिवा लागेना. गुरुवारी मी घरी आले तर ते दार सताड उघडं होतं. ताई आत पेनं कपात लावत होत्या. टेबलावर लेख होता, आणि त्यावर लाल शाईत: "आता ते एकमेकांशी बोलताहेत. उत्तीर्ण. शेवटचा परिच्छेद अजून फार गोड आहे, तो दुसऱ्या वर्षी सुधारू."

"दुसऱ्या वर्षी," ताई म्हणाल्या. तेवढंच म्हणाल्या, आणि एक पेन काढून पुन्हा कपात ठेवलं.

जेवताना बातमी सगळ्यांना कळली. दादांनी परत आलेल्या लेखाची गोष्टही ऐकली आणि म्हणाले, "मला का नाही सांगितलंस? मी झोप सोडली असती!" माझा नवरा म्हणाला, "दादा, तू? बाल्कनीला काच लावली असती तर वाऱ्याने वर्तमानपत्र तरी उडालं नसतं तुझं." झालं. काच आली की भांडण आलं. एक म्हणाला धूळ, एक म्हणाला कोंडमारा, आवाज चढले, आणि सवयीने दोघांनीही ताईंच्या हाताकडे पाहिलं.

ताईंचा हात भाजीच्या डावाकडे गेला होता. त्यांनी डाव परत भांड्यात ठेवला.

"भाऊजी धुळीबद्दल बोलताहेत," त्या माझ्या नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आणि हे वाऱ्याबद्दल. दोघंही बोला. मी ऐकतेय."

मग आपलं ताट उचलून त्या मधल्या खुर्चीवरून उठल्या आणि माझ्या शेजारी येऊन बसल्या. समोर दोघं भाऊ भांडत राहिले, आणि ताई कितीतरी दिवसांनी गरम गरम जेवल्या.