एकच खोकला

वडिलांच्या हॉस्पिटलात डॉक्टर म्हणून तिची स्वतःची केबिन होती. ती सोडून चिंध्यांच्या गोदामांमागच्या वस्तीत दवाखाना थाटायला निघाली तेव्हा आई रडली आणि वडिलांनी अबोला धरला. भाऊ तेवढा हसला. "जाऊ दे तिला. खूळ आहे, उतरेल."

खूळ उतरलं नाही. पत्र्याची खोली, टेबल, तपासायचा बाक आणि एक पडदा, एवढ्यावर तिने दवाखाना उभा केला. वस्तीचं पोट चिंध्या निवडण्यावर चालायचं. धूळ छातीत बसायची, क्षय घरोघरी होता. लोक तिला नुसतं 'बाई' म्हणायचे.

वस्तीतल्या एका म्हातारीची तरुण सून तिच्याकडे यायची. अंगात काडीचं बळ नव्हतं, पण जिभेला धार होती. "बाई, तुमचं औषध इतकं कडू की क्षयच कंटाळून निघून जाईल," ती म्हणायची. क्षय गेला नाही. नेहमीची औषधं लागू पडेनात, तेव्हा बाईने तिची थुंकी मोठ्या प्रयोगशाळेत पाठवली. सोबत स्वतःचीही पाठवली, कारण तिलाही संध्याकाळी कणकण येऊ लागली होती. दोघींना एकाच जातीचा क्षय निघाला, साध्या औषधांना दाद न देणारा.

भाऊ गाडी घेऊन आला.

"मी येणार नाही," ती म्हणाली.

"इथे बसून अजून कुणाकुणाला देणार आहेस?"

तिने पिशवी भरली. दवाखान्याला कुलूप लागलं.

हॉस्पिटलात वरच्या मजल्यावर तिला वेगळी खोली मिळाली. ओळखीपाळखी वापरून वडिलांनी परदेशातून नवं औषध मिळवलं. ते घेऊन स्वतः खोलीत आले.

"वस्तीतल्या त्या मुलीलाही हवंय हे," ती म्हणाली.

"एकीपुरतंच मिळालंय."

"मग तिला द्या."

"माझी मुलगी तू आहेस," वडील म्हणाले. ती वस्तीत गेल्यापासून ते तिच्याशी पहिल्यांदाच बोलत होते. चेहऱ्यावर मास्क होता, पण डोळे भरलेले दिसत होते.

तिने गोळ्या तळहातावर घेतल्या. एकेक मोजली. मग गिळल्या. आपल्याला मरायची इतकी भीती वाटते, हे तिला तोवर ठाऊक नव्हतं.

फुप्फुसाचा एक तुकडा काढावा लागला, पण ती वाचली. अंगात त्राण आल्यावर कुणाचंही न ऐकता वस्तीत परतली. सून केव्हाच गेली होती.

तिने कुलूप काढलं, खोली झाडली आणि दार उघडं ठेवून बसली. बाहेर माणसं जात-येत होती. कुणी आत वळलं नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. अखेर सुनेची सासू सुनेच्या लेकीला घेऊन आली आणि उंबऱ्यातच थांबली.

"बऱ्या झालात?"

"हो, आजी."

"तिलाही वाटायचं, बाई औषध पाठवतील. शेवटपर्यंत दाराकडे तोंड करून झोपायची."

"होतं औषध," बाई म्हणाली. "एकीपुरतंच होतं. मी घेतलं."

म्हातारीने नातीचा हात घट्ट धरला. शिवी नाही, शाप नाही. "घेतलं असतं मीसुद्धा," ती म्हणाली. "पण तुमचं तोंड बघवत नाही. पोरगी खोकतेय म्हणून आले."

तिने नातीला पुढे ढकललं आणि स्वतः पाठ फिरवून उभी राहिली. बाईने पोरीच्या पाठीवर नळी टेकवली, मोठा श्वास घ्यायला सांगितलं. आत उजव्या बाजूला ओली घरघर ऐकू आली, तिच्या आईच्या छातीत ऐकली होती तशीच.