फळीतला खर्ज

"स्पीकरचं खोकं खाली मातीत ठेवा की वो, फळ्या हादरत्यात," मंडपवाला म्हणाला.

"हादराव्यात म्हणूनच वर ठेवलंय," मी म्हणालो.

तो माझ्याकडं बघतच राहिला. त्याचं काही चुकलं नव्हतं. सणसरच्या विहारापुढं ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या जोडून वर फळ्या टाकल्या होत्या आणि बुद्धपौर्णिमेचा गायनाचा सामना त्यावर व्हायचा होता. कुठलाही शहाणा माणूस बेस गिटारचा ॲम्प्लिफायर असल्या स्टेजवर चढवणार नाही. मी चढवला. खाली ना वीट ना पोतं, आणि त्याच फळ्यांवर पुढं आईचा माइक उभा केला. मग वाकून फळीवर तळवा टेकवला आणि एक सूर छेडला. थरथर तळव्यात आली तेव्हा कुठं जिवात जीव आला.

माझं नाव समाधान. नाव ठेवणाऱ्यांनी घाई केली, एवढंच म्हणतो. सत्त्याण्णव साली मी बारामतीत एका कारखान्यात पाळीवर होतो आणि सुट्टीच्या दिवशी आईच्या गायन पार्टीत बेस वाजवायचो. बहीण ज्योत्स्ना पेटीवर, चुलतभाऊ बुद्धघोष ढोलकीवर. आणि पुढं आई, बारामतीच्या अक्काबाई. ती उभी राहणार म्हटलं की इंदापूर तालुक्यातल्या बाया तव्यावरची भाकरी उतरवून यायच्या.

त्या अक्काबाईला ऐकू येत नव्हतं. हे फक्त आम्हा तिघांना ठाऊक होतं, आईला, ज्योत्स्नाला आणि मला.

जन्मभर लोखंडी कर्ण्यांच्या शेजारी उभं राहून गायलेल्या बाईचे कान शाबूत राहतीलच कसे? डॉक्टर म्हणाले, वरचे आवाज गेलेत, खालचे थोडे शिल्लक आहेत. घरात तोंडासमोर बसून बोललं की तिला कळायचं. स्टेजवरच्या गदारोळात पेटी काही तिच्यापर्यंत पोचायची नाही. कानातलं यंत्र आणून बघितलं, तर ते माइकपुढं शिट्टी मारायचं. शिवाय ते लोकांना दिसायचं, आणि तेच तिला जास्त लागायचं.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," ती म्हणायची. "ज्या दिशी लोकास्नी कळंल, त्या दिशी मी स्टेज सोडलं. बहिरी बाई गाती म्हणून कीव करत बसत्याल. मला कुणाची कीव नगं." आणि तिनं आम्हा दोघांकडून वचन घेतलं होतं.

आदल्या साली स्टेजवर तिचा सूर जरा जरा हुकायला लागला, तेव्हा मी पुण्याच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडनं एक डबी आणली. पायानं दाबायचं पेडल, अर्ध्या विटेएवढं, दाबलं की तांबडा दिवा लागतो. गिटारची वायर आधी त्यात जाते आणि तिथून ॲम्प्लिफायरमध्ये. आपण जो सूर वाजवू त्याच्या बरोबर एक सप्तक खालचा सूर ते जोडीला काढतं. तो खर्ज कानापेक्षा छातीत आणि पायात जास्त कळतो. आई अनवाणी फळीवर उभी राहिली की तिला तो सापडायचा. "पट्टी आली पायात," म्हणायची आणि गाणं उचलायची. लोक म्हणायचे, अक्काबाईचा गळा पुन्हा तरणा झाला.

डबीची एक खोड होती. तिला एका वेळी एकच सूर चालायचा, तोही ठळक आणि लांब. दोन तारा एकदम वाजल्या, बोटं जरा पळाली, की ती गोंधळून काहीतरी भलतंच बरळायची. म्हणून वर्षभर मी हात आखडून वाजवत होतो. एक ढुम, मग दुसरा ढुम. बुद्धघोष चिडवायचा, "दादा, गिरणीत दळाण टाकलंयस का?" त्याला कारण सांगता येत नव्हतं. मी नुसता दात-ओठ खायचो.

सामन्याचे दोन नियम होते. समोरचा ज्या पट्टीत गाणं सोडेल त्याच पट्टीत जबाब उचलायचा. आणि जे वाजेल ते माणसाच्या हातानं वाजलं पाहिजे. हा दुसरा नियम नवा होता. मागल्या साली एका पार्टीनं अख्खा कोरस कॅसेटवर भरून आणला आणि ऐन रंगात कॅसेट गुंतली. तेव्हापासून पंचांनी कॅसेटचा धसका घेतला होता.

समोर भिगवणचे कुंडलिकबुवा होते. गळा चांगला आणि जीभ त्याहून चांगली. पहिल्या दोन फेऱ्या आमच्या बऱ्या गेल्या. बुवा पट्टी सोडायचे, ज्योत्स्ना पेटीवर धरायची, मी तोच सूर डबीतून फळीत उतरवायचो, आणि आई डोळे मिटून अचूक उचलायची. ऊन उतरलं होतं. मंडप भरला होता. शेवटची फेरी राहिली होती आणि मला वाटलं, आता निभावलं.

तेवढ्यात बुवा उठून आमच्या बाजूला आले. खाली वाकून त्यांनी डबीकडं बघितलं, मग माझ्या हाताकडं.

"अप्पा, जरा हिकडं या," त्यांनी मुख्य पंचाला हाक मारली. "ह्या पोराची बोटं बघा. बोटं गिटारच्या बारीक सुरावर, आन् आवाज येतोय हिरीच्या तळातनं. मग खालचा आवाज वाजवतंय कोण?"

अप्पा तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. कुणाच्या पाच पैशाच्या चहाला मिंधे नसलेले, त्यामुळं सगळ्यांनाच अवघड. त्यांनी वायर काढायला लावली, डबी हातात घेतली, उलटी केली, कानापाशी हलवली.

"कॅसेट कुठनं घालत्यात हिच्यात?"

"कॅसेट न्हाय, अप्पा. मी वाजवतो त्योच सूर ती खाली उतरवती."

"म्हंजी खालचा सूर तू वाजवत न्हाईस. ती वाजवती."

खरंच होतं ते. मी म्हणालो, "मी न्हाय वाजवलं तर ती गप बसती." अप्पा म्हणाले, "टेपबी बटन दाबल्याबिगर वाजत न्हाय." मागून कुणीतरी खो खो हसलं.

"अन्याव हाय ह्यो," मी आवाज चढवला. "दोन फेऱ्या चालली, आन् आताच कशी बोचली?"

"नाचता येईना अंगण वाकडं," बुवा हसत म्हणाले. "आरं, अक्काबाईंचा गळा काय ह्या डबीवर अडलाय व्हय?"

अडला होता. तिच्यावरच अडला होता. एक वाक्य बोललो असतो तर अप्पांनी डबी जागेवर ठेवली असती आणि बुवांनी हात जोडले असते. ज्योत्स्नानं माझं मनगट धरलं. "सांगून टाक," ती पुटपुटली. "न्हायतर ती तितं उभी ऱ्हाईल आन्..."

मी आईकडं बघितलं. ती स्टेजच्या कडेला वाकून पुढच्या रांगेतल्या सारजामावशींशी हातवारे करत हसत होती. आमचं भांडण वायरीवरनं चाललंय असं तिला वाटलं असावं. चेहऱ्यावर सामना जिंकत आल्याचं तेज होतं. मला वचन आठवलं. त्या क्षणी मला बुवांचा राग आला, अप्पांचा आला, आणि खरं सांगायचं तर आईचाही आला. एवढं मोठं ओझं पोरांच्या डोक्यावर द्यायचं आणि आपण हसत उभं राहायचं.

"ठेवा डबी," मी म्हणालो आणि गिटारची वायर सरळ ॲम्प्लिफायरमध्ये खोचली. अप्पांनी ती आपल्या मांडीवर ठेवली आणि बुवांना खूण केली.

मला आईला गाठायचं होतं, पण बुवांनी तिथल्या तिथं गाणं सोडलं आणि आई त्यांच्याकडं तोंड करून उभी राहिली, ओठ वाचत. मी हात हलवला. ती बघेना. बुवांनी नेहमीची पट्टी टाकून मुद्दाम चढी पट्टी धरली होती. पाण्यावरचं गाणं होतं, तळ्याच्या काठाशी जमलेल्या माणसांचं, आणि जबाबात आईचं घागरीचं गाणं येणार हे मंडपातल्या लेकरालाही माहीत होतं. बुवांनी शेवटची तान घेतली. टाळ्या पडल्या. आई माइकपाशी आली, पदर खोचला, डोळे मिटले आणि थांबली.

ज्योत्स्नानं पेटीवर पट्टी धरली. मी गिटारच्या सगळ्यात जाड तारेवर सूर दिला, जोर लावून दिला. ॲम्प्लिफायर बोलला, पण फळी बोलली नाही. आईनं पायाची बोटं पसरली, आखडली, पुन्हा पसरली. मंडपातली कुजबुज थांबली. बुद्धघोषनं ढोलकीवर एक फेर जादा घेतला, मग आणखी एक.

"अक्का, घागर बुडली का काय?" कुणीतरी ओरडलं.

ते तिला ऐकू आलं नाही. पण लोकांचे हसरे चेहरे दिसले. आणि तिनं अंदाजानं उचललं.

"घागर भरली बाई, साऱ्या गावाच्या देखत..."

पार बेसूर. पेटी एकीकडं आणि आई दुसरीकडं. ज्योत्स्नाचा भाता थांबला. पुढची माणसं हसायची थांबली आणि एकमेकांकडं बघायला लागली, ते हसण्याहून वाईट होतं. मी एवढी वर्षं आईचं गाणं ऐकलं, तिला एवढं बेसूर होताना कधी ऐकलं नव्हतं. माझे कान तापले. वाटलं, गिटार फेकावी आणि माइकच्या वायरी उपटून काढाव्यात.

आई मधेच थांबली. तिनं माझ्या पायाकडं बघितलं, तिथं डबी नव्हती. मग तिला ती अप्पांच्या मांडीवर दिसली. तिच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. राग नव्हता तो. खूप वेळ डोक्यावर धरलेलं ओझं खाली ठेवावं लागलं की माणूस जसा दिसतो, तशी दिसली.

तिनं माइक स्टँडवरनं काढला.

"मला ऐकू येत न्हाय," ती म्हणाली. "लई वरसं झाली. त्या डबीचा सूर मला पायातनं कळायचा. पोरांनी सांगितलं न्हाय कारण मी सांगू दिलं न्हाय. जरा थांबा."

कुंडलिकबुवा खाली बघत होते. अप्पा डबी घेऊन गडबडीनं उठले, तर आईनं हातानंच त्यांना बसवलं. "ऱ्हाऊ द्या, अप्पा. नेम म्हंजी नेम."

मग ती माइकची वायर ओढत माझ्या डाव्या बाजूला आली. गिटारच्या मानेचं टोक, जिथं तारा खुंट्यांना बांधलेल्या असतात, ते तिनं हातानं धरलं आणि डोकं वाकवून कानामागचं हाड त्या लाकडाला टेकवलं. हे तिला कुणी शिकवलं होतं की त्याच क्षणी सुचलं, मला माहीत नाही. दोन तालुक्यांची माणसं बघत होती. आमच्या पार्टीतली सगळ्यात ताठ मानेची बाई पोराच्या गिटारला डोकं लावून उभी होती.

"वाजव," ती म्हणाली.

मी सूर दिला. तिचे डोळे मोठे झाले. आणि तिनं उचललं, बरोबर बुवांच्या पट्टीत. ज्योत्स्ना रडत रडत भाता ओढत होती. बुद्धघोषनं थाप दिली, आणि माझ्या बोटांना काय झालं कुणास ठाऊक. वर्षभर आखडलेले हात. आता डबी नव्हती, तिला सांभाळायचं नव्हतं. मी तारांवरनं फिरायला लागलो, सूर धरून मध्येच वर जायचं, ढोलकीच्या बोलांना उत्तर द्यायचं, घसरत खाली यायचं. गाणं येतं तसं वाजवत गेलो.

पहिलं कडवं झालं. ध्रुपद ज्योत्स्नानं आणि सगळ्या मंडपानं घेतलं. आईनं माइक खाली केला आणि डोकं न उचलता माझ्याकडं बघितलं.

"हे समदं तू वाजवतुयास?"

मी मान हलवली.

"आजच?"

"न्हाय," मी तिला ओठ दिसतील असं म्हणालो. "डबीच्या आधी असंच वाजवायचो. गिटार घेतल्यापास्नं."

ध्रुपद संपत आलं होतं.

"मला हे कधी ऐकू आलंच न्हाय रं," ती म्हणाली. "दर कार्यक्रमाला मी तुला शाबास म्हणायचे. काय आईकलं न्हाय तरी म्हणायचे. पोराचं मन मोडू न्हाय म्हणून."

त्या शाबासक्या मी खऱ्या मानल्या होत्या.

बुद्धघोषनं समेवर थाप मारली. दुसऱ्या कडव्याची जागा आली. ज्योत्स्नानं मान वर करून आईला खूण केली. सामन्यात कडव्याची जागा सुटली की फेरी गेली, हे आईला आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं. तिनं माइक ज्योत्स्नाच्या पेटीवर ठेवून दिला आणि दोन्ही हातांनी गिटारची मान घट्ट धरली.

"ध्रुपद फिरवत ऱ्हा गं," ती ज्योत्स्नाला म्हणाली. मग मला म्हणाली, "तू वाजव. मी आता गात न्हाय, आईकती."

पंचांनी फेरी कुणाला दिली ते बघायला मी मान वर केलीच नाही. लोक ध्रुपद म्हणत होते, आईनं डोळे मिटले होते, आणि मी वाजवत राहिलो.