हुंकाराला न थांबणारी माणसं

माझी शाळा चौथीत सुटली, पण एका राजाला, त्याच्या म्हाताऱ्या आईला आणि एका लबाड दुकानदाराला मी कितीतरी दिवस बोलतं ठेवलं होतं. हे मीच सांगते, कारण आमच्या घरात दुसरं कोणी सांगणार नाही.

दोन हजार तीनच्या सुमारास माझ्या भास्करने देवासच्या घरी काँप्युटर आणला. नात इरावती त्यावर राजवाड्याचा एक खेळ खेळायची. त्यातली माणसं मुकी. तोंडापाशी चौकट यायची, तीत इंग्रजी अक्षरं, आणि बटण दाबेपर्यंत चौकट जागची हलायची नाही. इरा वाचून मला हिंदीत सांगायची आणि मी मराठीत बोलायचे. राजाला मी माझ्या धारच्या थोरल्या दिरांचा, भैयासाहेबांचा आवाज दिला होता. नाकातून, समोरच्यावर उपकार केल्यासारखा. दुकानदार मनावर गावच्या मंडईतल्या अडत्यासारखा बोलायचा, "लेणो होय तो लो भिया, नी तो रस्तो नापो." म्हणजे घ्यायचं तर घे, नाहीतर चालू लाग. इरा हसून लोळायची, मग "हं" म्हणून बटण दाबायची. इंग्रजी शाळेतल्या त्या पोरीला मराठी आलं ते असं.

मग भास्करने इंदूरहून त्याच खेळाचा नवा भाग आणला. म्हणाला, आई, आता ही माणसं स्वतः बोलतात, तुझ्या घशाला आराम. जशी काही मला पेन्शनच देत होता.

मी नेहमीसारखी खुर्ची ओढून बसले. इराने कानांवर हेडफोन चढवला. मी तोंड उघडलं तर माझ्याकडे न बघता म्हणाली, "आजी, चूप ना. सुनने दे."

मला. माझ्या घरात.

हेडफोन काढायला लावून मीही एकदा ऐकलं. राजा रेडिओवरच्या बातम्या वाचल्यासारखा बोलत होता. त्याची आई तर बकरी. कुण्या पंचविशीच्या पोरीने आवाज थरथरवून म्हातारीचं सोंग घेतलेलं. म्हातारं झालं की घसा थरथरतो, हे हिला कोणी सांगितलं? माझ्या आवाजाने दूधवाला अजून पाणी घालायला भितो. बरं, बोलतात ते बोलतात, थांबतात का? एक वाक्य कळेपर्यंत दुसरं येऊन आदळतं. इराच्या चेहऱ्यावर मला दिसत होतं, अर्धं तिच्या हातून निसटतंय. पण ‘आजी, परत तूच बोल’ म्हणायचं तर मान खाली घालावी लागणार. ताठ्यात ती नातही माझीच. मी खुर्ची उचलून देवघरात नेली.

श्रावणातल्या शुक्रवारी तर सुनेने कमाल केली. जान्हवीला शाळेत शिकवायला जायची घाई. कहाणी मी सांगते, सगळ्या हातात अक्षता घेऊन बसतात, मी थांबले की "हं" म्हणतात, ही या घराची रीत. हिने कहाणीची कॅसेट लावली. म्हणे शब्द तेच आहेत, आवाजही गोड आहे. मी जिवंत असताना त्या डबड्यापुढे अक्षता धरायच्या? मी भिंतीकडे तोंड करून बसले.

इरा मुठीत अक्षता घेऊन ऐकत होती. पहिल्या वाक्याला तिने "हं" म्हटलं, तोवर टेप पुढे गेलेली. परत म्हटलं, ते भलत्याच शब्दावर पडलं. मग तिने सरळ उठून टेप बंद केली.

"आई, ही कुणासाठी थांबतच नाही. मी हं कधी म्हणू?" आणि जमिनीकडे बघत मला म्हणाली, "आजी, तू सांग."

मी सांगितली. घसा खाकरून, मुद्दाम सावकाश. जान्हवी घड्याळाकडे बघत होती, तिला बघू दिलं.

दिवेलागणीला इराने देवघरातली माझी खुर्ची स्वतः उचलून काँप्युटरपाशी नेली. खेळातले आवाज तिने बंद केले होते, खाली अक्षरं येत होती, आणि प्रत्येक वाक्याला ती खेळ थांबवणार होती. राजा भैयासाहेबच पाहिजे, म्हणाली. मी तिला दोनदा विनवायला लावलं, मग बोलले.

खेळात नदी आली तशी तिने आवाज परत चालू केला. "पण आजी, ही नावाडीण स्वतःच बोलेल. ऐक."

ऐकलं. घोगरी, धापा टाकत बोलणारी, आत्ताच वल्हं खाली ठेवलेली बाई. इंग्रजी मला एक अक्षर कळलं नाही, तरी ती बोलून संपेपर्यंत मी गप्प राहिले. वाक्य टाकून मध्ये श्वास घ्यायची, तेवढ्यात इराचं "हं" बसायचं.

"हिला राहू दे," मी म्हटलं. "बाकीच्यांना सांग, रस्तो नापो."