आपण आणि आम्ही

“यातले ‘आम्ही’ म्हणजे कोण?” मावशींनी अहवालावर बोट ठेवून विचारलं.

प्राध्यापकबाईंनी घड्याळात पाहिलं. अर्ध्या तासात खाली सभागृहात अहवालाचं वाचन होतं. “आम्ही म्हणजे संशोधक.”

“आणि नऊ महिने दर गुरुवारी वर्तुळात बसवून ‘आपण शोधतोय, आपण शोधतोय’ म्हणत होतात, ते?”

मावशी शेवटच्या आजारातल्या रुग्णांच्या वॉर्डात आया होत्या. बावीस वर्षं. कुणाचा श्वास लांबला की हातातलं काम टाकून त्या पायथ्याशी बसत, पावलं धरून ठेवत आणि माणूस जाईपर्यंत उठत नसत. हे अध्यात्म आहे, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. सेवेतल्या अध्यात्मावर संशोधन करायला आलेल्या बाईंनीच ते शोधून काढलं. इथे कुणी गुरू नाही, कुणी शिष्य नाही, सगळ्यांनी मिळून ज्ञान घडवायचं, असं गोड गोड बोलून त्यांनी मावशींना सहसंशोधक केलं. त्या गोडव्याला भुलून मावशींनी इतकी वर्षं पोटात ठेवलेलं एका गुरुवारी बोलून टाकलं. लेक गेली तेव्हा त्या जवळ नव्हत्या. तिचं कण्हणं ऐकवेना म्हणून जिन्यात जाऊन बसल्या होत्या. नवऱ्याला मात्र सांगितलं, माझ्या मांडीवर गेली.

आता ते छापून आलं होतं, आणि खाली लिहिलं होतं : ‘सहभागी क्रमांक चारची सेवा अपराधभावातून आलेली आहे. तिला आध्यात्मिक म्हणावे का, याबद्दल आम्ही साशंक आहोत.’

“एवढं पान काढा. आमचे हे आलेत ऐकायला. तुम्हीच घरच्यांना बोलावलंत.”

“तुमचं नाव कुठाय त्यात?”

“वॉर्डात आया एकच आहे, बाई.”

“हे बघा, वर्तुळात आलेलं ज्ञान आपल्या सगळ्यांचं असतं. एकेकाने असं मागे घ्यायचं म्हटलं तर संशोधन व्हायचं कसं?”

“वा! घेताना आपण आणि लिहिताना आम्ही!”

बाईंनी कागद ओढून घेतले आणि त्या चालू लागल्या. मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सभागृहात बाई ‘सहभागी क्रमांक चार’पर्यंत आल्या, तशा मावशी उठून उभ्या राहिल्या. “चार नंबर मी. माझं मी सांगते.” त्यांनी मागे वळून नवऱ्याकडे पाहिलं आणि जिन्यातलं सगळं सांगितलं, काही न गाळता. “मांडीवर नाही गेली हो ती. एकटी गेली. मी खोटं बोलले तुमच्याशी.”

नवरा गुडघ्यांवर हात टेकून उठला आणि कुणाकडे न बघता बाहेर गेला.

व्यासपीठावर बाई मदतनिसाच्या कानाशी वाकल्या. माईक चालूच होता. “हे रेकॉर्ड झालं ना?” अख्ख्या सभागृहाने ऐकलं.

मावशी उभ्याच होत्या. त्यांना खाली बसवायला शेजारणीने हात धरला. तो त्यांनी सोडवून घेतला.